टोळी मोडणाऱ्या देवदानला

देवदान,

तुझ्या मातीला मी फार थोडं बोललो, अशी मंडळीत कुजबुज आहे. पुस्तकात असतं तेवढं वाचलं, प्रार्थना केली, मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो. लोकांना वाटलं, बालपणचा मित्र गेला, पाळकसाहेबांना हुंदका आवरत नाही. तू असतास तर लगेच ओळखलं असतंस. मला हुंदका येत नव्हता. मी दात आवळून उभा होतो.

चार चांगले शब्द बोलायला तुमचा ठेकेदार स्वतः आला होता. पांढरा शर्ट, हातात फुलांचं चक्र. "देवदानभाऊ म्हणजे कामगारांचा माणूस," तो म्हणाला. तुझ्या हमालांच्या टोळीतले जे येऊ शकले ते मागे भिंतीला टेकून उभे होते. वळ गावचे काशिनाथकाका टोपी हातात घेऊन उभे होते. ते वाक्य ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हा काहीतरी बोलेल, असं त्या बघण्यात होतं. मी खड्ड्याकडे बघत राहिलो.

म्हणून हे लिहायला बसलोय. तुझी स्मरणसभा अजून व्हायची आहे आणि तिथे काय बोलायचं ते मला ठरवायचं आहे. एक तर नेहमीसारखं बोलायचं, म्हणजे तू प्रामाणिक होतास, प्रेमळ होतास, प्रभूला प्रिय झालास. नाहीतर खरं बोलायचं. तू आम्हाला फसवलंस, देवदान. हे वाक्य गेली दोन वर्षं माझ्या घशात आहे आणि ते कुठेही नीट बोललं गेलेलं नाही. जिथे बोललो तिथे भलत्याच रीतीने बोललो. त्यावर येतो.

सुरुवात तूच केलीस, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. बोर्डिंगात आपले पलंग शेजारी होते, म्हणून चारचौघांत मी तुझा पाळकसाहेब आणि एकटे असलो की मन्या. मी धर्मशिक्षणाला गेलो, तू बापाच्या मागे यंत्रमागावर, लूमवर गेलास. लूमचा कारखाना मालकाने भंगारात काढला, त्या उन्हाळ्यात मी एका रविवारी द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावर बोललो. भिवंडीच्या माणसाला तो दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. मळ्याचा मालक सकाळी नाक्यावर जातो, माणसं घेतो. दुपारी जातो, आणखी घेतो. दिवस मावळायला आला तरी काहीजण उभेच असतात, कारण त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. त्यांनाही घेतो. आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. मालक म्हणतो, मी चांगला आहे हे तुमच्या डोळ्यांत का खुपतं.

उपासना सुटल्यावर तू गीतांची पुस्तकं गोळा करत होतास. कपाटाशी आलास आणि विचारलंस, "मन्या, हे तू खरं मानतोस, की रविवारपुरतं?"

मी म्हणालो, मानतो.

"मग करून बघू की."

एवढंच. मला वाटलं, तू गंमत करतोयस. पुढच्या महिन्यात तू भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या गोडाऊनांवर हमालांची टोळी बांधलीस.

टोळीचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रक येतो, टोळी तो खाली करते, गाडीमागे ठरलेली रक्कम मुकादमाच्या हातात पडते आणि संध्याकाळी वाटे होतात. दांडग्याचा पुरा वाटा, म्हाताऱ्याचा अर्धा, नवख्याचा पाव, आणि जो आला नाही त्याला काही नाही. सगळीकडे असंच चालतं. तुझ्या टोळीत वाटा सरसकट. उशिरा आलेल्याला तेवढाच, म्हाताऱ्याला तेवढाच, पाय मुरगळून घरी बसलेल्यालासुद्धा तेवढाच. तू मुकादम होतास आणि तुझाही तेवढाच.

पहिल्या दिवशी रफीकने हरकत घेतली. टोळीतला सगळ्यात दांडगा तो. "भाई, मैं चालीस उठाऊँ, चाचा चार उठाए, और पैसा बराबर? ये कौनसा हिसाब है?"

तू म्हणालास, "चाचा की उमर में तू भी चार ही उठाएगा. तब तुझे कौन देगा, तेरा अब्बा?"

"अब्बा तो अभी भी मेरेसे माँगता है," रफीक म्हणाला आणि सगळे हसले, आणि त्या हसण्यात नियम पास झाला. मी तिथे होतो. मी आयुष्यभर समित्यांमधून ठराव पास होताना पाहिलेत, इतका खरा ठराव पाहिलेला नाही.

काशिनाथकाकांना सगळे चाचा म्हणत. ज्या गोडाऊनवर तुमची टोळी होती ते त्यांच्या भाताच्या खाचरांवर उभं होतं. ते ट्रकच्या फळीशी बसून माल मोजायचे, पाणी द्यायचे, कुणाची पाठ धरली तर चोळायचे. "माझेच शेतान हमाली करतंय मी, फादर," मला म्हणायचे. "पीक तेवढा खोक्यांचा हाय."

मी म्हणायचो, काका, मी फादर नाही, पाळक आहे.

"म्हंजी गुरं पाळतान तसा?"

"हो, तसंच."

"बरा हाय, फादर."

सुट्टी कधी घ्यायची ते टोळी स्वतः ठरवायची. दोन-तीन महिन्यांतून एकदा सगळे बसने वज्रेश्वरीला जायचे, गरम पाण्याच्या कुंडांत पाठी बुडवून बसायला. काका आणि त्यांच्या गावचे दोघे आधी देवीला जाऊन यायचे, रफीक बाहेर भजीच्या गाडीवर थांबायचा, तू पायरीवर बसून सगळ्यांच्या चपला राखायचास. एकदा मीही आलो होतो. कुंडात गळ्यापर्यंत बसून तू म्हणालास, "बघ मन्या, पाण्यात बसल्यावर कोण किती उचलतो ते कळतं का?" मी त्यावर पुढच्या प्रवचनाचा मुद्दा बांधला. तू डोळे मिटून पडला होतास आणि मी टिपण करत होतो. आता आठवलं की माझीच मला शिसारी येते, पण तेव्हा फार आनंदात होतो. माझ्या तोंडून निघालेली एक गोष्ट जगात दोन पायांवर चालत होती. किती पाळकांच्या वाट्याला हे येतं? हे तू मला दिलंस. राग कितीही असो, हे मी परत करणार नाही.

आपले वाद आठवतात. तुझा बाप लाल बावट्याचा माणूस, घरात येशूच्या तसबिरीशेजारी संपातला फोटो. तू म्हणायचास, "बाप सांगायचा, मालक गेला की सगळं ठीक होईल. तू सांगतोस, मालकाचं मन पालटलं की सगळं ठीक होईल. दोघंही बोलता मालकाबद्दलच."

मी म्हणायचो, आम्ही कुठल्याच व्यवस्थेचे वकील नाही. बाजार असो की सरकार, तिच्यातल्या शेवटच्या माणसाचं काय होतं त्यावरून तिला जोखायचं.

"आणि शेवटचा कोण ते कोण ठरवणार? रांग तिनेच लावलेली असते."

मी म्हणायचो, व्यवस्थाही पापी असू शकते, देवदान.

"असेल. पण व्यवस्था गुडघे टेकून कबुली देत नाही. ती द्यायला कुणीतरी मन्याच लागतो." आणि माझ्या ताटातली चपाती उचलून खायचास.

मग मी तुमची टोळी घेऊन गावोगाव फिरलो. म्हणजे तुम्ही पूर्ण्यात गाड्या खाली करत होतात आणि मी परिषदांमधून तुमच्याबद्दल बोलत होतो. ख्रिस्ती नीती आणि अर्थव्यवस्था असा विषय असला की मला बोलावणं यायचं. भांडवलशाही माणसाला त्याच्या उपयोगाइतकी किंमत देते, आमच्या भिवंडीत मात्र एक टोळी माणसाला त्याच्या भुकेइतकी किंमत देते, असं मी म्हणायचो आणि टाळ्या पडायच्या. पाहुणे टोळी बघायला यायचे. काकांचे फोटो काढायचे. तू एकदा चिडलास. "फोटो काढायच्या आधी चाचाला नाव तरी विचारायला सांग त्यांना."

आणि मग ती संध्याकाळ. तू मला वळहून बाईकवर आणत होतास. रफीकच्या घरी दुसरं मूल झालं होतं, टोळीतले दोन तरणे पोरगे दुसऱ्या मुकादमाकडे गेले होते, तिथे ताकदीप्रमाणे वाटा मिळत होता. उरलेल्यांवर ओझं वाढलं होतं. तू रस्त्याकडेला गाडी थांबवलीस. ट्रकांची रांग होती, धूळ होती, मला ओरडूनच ऐकावं लागत होतं.

"मन्या, त्या दृष्टांतात पैसे कुणाच्या खिशातून जातात?"

"मालकाच्या."

"मग इथे?"

मी ट्रकांच्या रांगेकडे बघितलं.

"इथे मालक गाडीमागे तेवढेच देतो. चाचा आला काय, न आला काय, त्याला काही फरक नाही. चाचाचा वाटा रफीक देतो. त्याच्या पोराच्या दुधातनं देतो. मालकाने उदार व्हायची गोष्ट आपण मजुरांच्या गळ्यात बांधली, मन्या. आणि मालक आपल्याला टाळ्या वाजवतो, कारण म्हातारा झालेला माणूस सांभाळायचं त्याचं काम आपण फुकटात करतोय."

मी त्यावर काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणालो, कृपा हिशेबाने चालत नाही. गरिबांनी गरिबांना सांभाळणं यातच प्रभूचं राज्य दिसतं. तू आरशात माझ्याकडे बघत होतास. मग मी म्हणालो, "आणि हे टोळीसमोर बोलू नकोस. माणसं ढिली पडतील."

तू म्हणालास, "बरं."

तुझा मुद्दा खरा होता. मला तिथल्या तिथे कळलं होतं. पण पुढच्या आठवड्यात मला एका परिषदेत तुमच्यावरच बोलायचं होतं.

इथपर्यंत चूक माझी, असं म्हणायला मी तयार आहे. यापुढे नाही. यापुढचं तुझं आहे आणि ते मी माझ्या खांद्यावर घेणार नाही.

गोडाऊन दुसऱ्या कंपनीने घेतलं. नवा ठेकेदार आला. त्याला टोळी नको होती, एकेक माणूस हवा होता. अंगठा लावायचा, स्कॅनर हातात घ्यायचा, टार्गेटप्रमाणे पगार. तुझ्या घरी बैठक झाली. सुलभावहिनींनी सगळ्यांना चहा दिला, कप कमी पडले तर स्टीलच्या वाट्यांतून दिला. मी बोललो. म्हणालो, एकही माणूस सुटा जाणार नाही, घ्यायचं तर सगळ्यांना घ्या, चाचासकट. माणसं माझ्याकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघत होती. तू माझ्या शेजारी बसून मान डोलावत होतास. रफीकला कल्याणहून पक्क्या कामाचं बोलावणं होतं. त्याने तुला विचारलं, "भाई, मैं ना बोल दूँ उसको?" तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. त्याने तिकडे 'नाही' म्हणून कळवलं.

त्या रविवारी तू उपासनेत वचन वाचलंस. आवाज स्वच्छ होता.

सोमवारी टोळी गेटवर गेली तर गेटच्या आत तू. अंगात कंपनीचं जाकीट, गळ्यात कार्ड. सुपरवायझर. तू आधीच सही केली होतीस. बैठकीच्या आधी. तुझ्या हातात नावं होती आणि तू ती एकेक करून वाचलीस. ज्याचं नाव आलं तो आत. रफीकचं आलं. काकांचं आलं नाही.

काकांनीच मला फोन केला. "फादर, देवदान आतमधीन हाय. मना सांगतंय घरा जा. काय समजत न्हाय."

मी रिक्षा करून आलो. तू गेटवर होतास. मी काही बोलायच्या आत म्हणालास, "पाळकसाहेब, हेल्मेटशिवाय आत येता येत नाही." चारचौघांत होतो म्हणून पाळकसाहेब. बरोबरच होतं. पण मला त्या दिवशी ते नाव चापटीसारखं लागलं. काका गेटबाहेरच्या दगडावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी मला तंबाखू पुढे केली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घेतली. दोघंही बराच वेळ थुंकत बसलो.

संध्याकाळी तुझ्या दारात उभा राहून मी विचारलं, का. तू एकच उत्तर दिलंस.

"मला पगार हवा होता, मन्या. महिन्याच्या महिन्याला. तुझ्यासारखा."

मला सांगायचंस ना आधी, मी म्हणालो. शेजारी बसून मान का डोलावलीस?

तू म्हणालास, "तूच सांगितलं होतंस, टोळीसमोर बोलू नकोस."

मी पायऱ्या उतरलो. तुझं ते उत्तर मला अर्धवट खरं वाटतं आणि म्हणूनच जास्त चीड येते. बाईकवर जे बोललास ते बैठकीत बोलला असतास तर मी हरलो असतो, पण माणसं वाचली असती. काकांसाठी काहीतरी मागता आलं असतं, रफीक कल्याणला गेला असता. तू माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढलास. तुला टोळी मोडायची होती तर मोड, पण दिवसाढवळ्या मोडायची होतीस. तुला पगार हवा होता, त्यात गैर काहीच नाही. मला दर महिन्याला पगार आहे, राहायला मंडळीचं घर आहे, मी आजारी पडलो तर आमची डायसिस, म्हणजे धर्मप्रांत, बघते. हे सगळं पाठीशी ठेवून मी तुम्हाला उद्याची चिंता करू नका म्हणून सांगत होतो. हे तुझ्या तोंडून ऐकेपर्यंत मला सुचलंसुद्धा नव्हतं. पण माझं ढोंग उघडं पाडायला तू काकांना गेटबाहेर ठेवलंस, देवदान. ही किंमत तू कुणाच्या खिशातून दिलीस?

आता ते, जे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. तू आलास. वहिनी आल्या. नेहमीप्रमाणे लोक कठड्याशी येऊन गुडघे टेकत होते, तळहात पुढे करत होते, आणि मी ताटलीतून भाकरीचा तुकडा एकेकाच्या हातावर ठेवत पुढे सरकत होतो. मी वहिनींच्या हातावर तुकडा ठेवला. शेजारी तुझे हात होते. मी ते ओळखतो, डाव्या अंगठ्याचं नख लूमवर गेलेलं. मी पुढच्या माणसाच्या हातावर तुकडा ठेवला.

थांबलो नाही, अडखळलो नाही. बघणाऱ्याला वाटलं असेल की दिला. तू हात तसेच धरून राहिलास. प्याला घेऊन मी परत आलो तेव्हा तुझी जागा रिकामी होती.

मी स्वतःला सांगितलं की अधिकार आहे माझा. ज्याने भावाला फसवलं त्याने आधी समेट करावा, मग मेजाशी यावं. शास्त्रात तसं आहे. पण मग मला तुला आधी बोलवायला हवं होतं, बोलायला हवं होतं, मंडळीच्या पंचांना सांगायला हवं होतं. मी तसं काही केलं नाही. मी तेच केलं जे तू केलंस. सगळ्यांसमोर, कुणालाही न कळता.

त्यानंतर तू उपासनेला आला नाहीस. लोक म्हणायचे, देवदानला संडे ड्युटी असते. मी मान डोलवायचो.

या दोन वर्षांत मी काकांकडे जायचो. ते आता नातवाच्या पानाच्या टपरीवर बसतात. तुझ्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत, चांगलंही बोलले नाहीत. रफीक एकदा बाजारात भेटला. मी विचारलं, कसं चाललंय? "पगार टाइम पे आता है, फादर. झूठ क्यूँ बोलूँ. पहले से जास्ती आता है." मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "पर बीमार पड़ो ना, तो कोई पूछने नहीं आता. पूछे तो उसका टार्गेट जाता है." मी ते ऐकून घेतलं. कुठल्या तागडीत हे टाकायचं ते मला कळेना. पूर्वी मला लगेच कळायचं.

तुझं हृदयाचं दुखणं मला ठाऊक होतं. तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हाही कळलं होतं. मी रिक्षात बसून दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत आलो आणि रिक्षावाल्याला परत फिरव म्हणालो. आधी तू बोल, असं माझं म्हणणं होतं. तुझंही बहुतेक तेच असेल. मग तू घरी आलास, पुन्हा कामाला लागलास, आणि एका सकाळी उठला नाहीस.

तुझी स्मरणसभा कधी ठेवायची म्हणून मी टोळीतल्या माणसांना फोन केले. तेव्हा लक्षात आलं की कुणाचीच सुट्टी एका दिवशी नाही. रफीकची मंगळवारी, दुसऱ्याची शुक्रवारी, एकाची दर आठवड्याला बदलते. जी माणसं एकत्र ठरवून वज्रेश्वरीला जायची, त्यांना तुझ्यासाठी एका खोलीत बसायला एक वार मिळत नाही. हे तू केलंस असं मी म्हणत नाही. पण गेटच्या आत उभं राहून ती नावं तूच वाचलीस.

मग रफीकनेच सुचवलं. शिफ्ट बदलताना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी सुटलेले आणि कामावर चढणारे थोडा वेळ एकत्र असतात. "उतने में जो बोलना है बोल दो." काका येणार आहेत. म्हणून आता हे लिहितोय, तिथे वाचायला.

इथपर्यंत लिहून झाल्यावर सुलभावहिनींकडे गेलो. तुझं नाव घेऊन चारचौघांत असं काही वाचायचं तर त्यांना विचारायला हवं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी आडून आडून सांगितलं की बैठकीचं, गेटचं, काकांचं, सगळं खरं बोलणार आहे. तुमची परवानगी नसेल तर फाडून टाकतो.

त्यांनी ताटातून वर पाहिलं नाही. "त्यांनी फसवलं ते वाचा. खरंच आहे. मी त्यांना तेव्हाच म्हणाले होते, काशिनाथकाकांना तोंड कसं दाखवाल. तेव्हापासून ते वळच्या रस्त्याने गेले नाहीत." खडा काढून बाजूला टाकला. "पण तुम्ही त्यांना भाकर दिली नाहीत, तेही वाचा. नाहीतर काहीच वाचू नका."

मी म्हणालो, तुम्हाला माहीत होतं?

"शेजारीच होते की मी, भाऊजी. माझ्या तुकड्यातला अर्धा दिला मी त्यांना." मग उठल्या आणि विचारलं, "चहा ठेवू?"

चहा घेतला. त्यांनी तुझ्या औषधांची पिशवी मला दिली, मंडळीत कुणाला लागतील म्हणून. मी दोन वर्षं त्या घरी गेलो नव्हतो, त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

माझा राग गेलेला नाही, देवदान. तो जाईपर्यंत थांबायचं तर सभा कधीच होणार नाही. तू परत आलास तर मी पहिल्यांदा तुला काकांबद्दलच विचारेन, बाकी सगळं मग. आणि बाईकवर तू जे म्हणालास त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. मालकाच्या खिशातून येईल तीच कृपा, की आपापसात वाटून घेऊ तीही, हे मला कळत नाही. तू जिवंत असतास तर भांडलो असतो.

फक्त एक बदल केलाय. वाचताना गेटवर शिफ्टचा भोंगा कधी होईल ते सांगता येत नाही, आणि झाला की ज्यांची ड्युटी आहे त्यांना जावंच लागतं. म्हणून आधी माझं वाचणार आहे. कठड्याचं, परिषदांचं, दवाखान्याच्या कोपऱ्यावरून परत फिरलेल्या रिक्षाचं. तुझं त्यानंतर. मधेच उठून कुणाला आत जावं लागलं, तर निदान माझं ऐकून गेलेलं असेल.